जुनं कॅबिनेट, नवा बोर्ड

शिर्डीसारख्या गावात लॉजच्या काउंटरवरचा पीसी नीट बघा. कॅबिनेट पिवळट पडलेलं, फ्लॉपीची फट तशीच. आत मात्र एसएसडी. कंपनीचं नाव कुठेच नाही. विचारलं तर उत्तर एकच: ‘असेंबल आहे.’

सुटे भाग जोडून पीसी बनवायची ही रीत आयबीएमच्या घाईतून आली. १२ ऑगस्ट १९८१ला त्यांनी पीसी बाजारात आणला. वेळ वाचवायला प्रोसेसर इंटेलचा, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचा घेतला, वर सर्किटच्या आराखड्यांसह पुस्तिकाही छापली. हक्काचा म्हणावा असा एक बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, उरला होता. तोही कॉम्पॅक कंपनीने १९८२मध्ये स्वतःच्या हिमतीवर नव्याने लिहिला आणि नकलांचं दार उघडलं. आपल्याकडे १९८४च्या संगणक धोरणाने आयात सैल केली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांची पेठ झाला. २००१ साली एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झाली, तिचे एमएस-सीआयटी हे संगणकाचे क्लास तालुक्यांत पोचले आणि स्वस्त असेंबल मशीनला गिऱ्हाईक मिळालं.

जुन्या-नव्याचं जमतं ते मापं ठरलेली आहेत म्हणून. आधीच्या, एटी मापाच्या बोर्डाला वीज देणारे दोन प्लग शेजारी-शेजारी लागत. उलटे बसले की बोर्ड जळण्याची भीती, म्हणून कारागिराचा मंत्र: काळ्याला काळी. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध आल्या पाहिजेत. इंटेलने १९९५मध्ये एटीएक्स हे नवं माप आणलं, प्लग एकच केला, तोही उलटा न बसणारा. बोर्डाच्या स्क्रूची भोकं तेव्हा ठरली, ती आजही तीच. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्स कॅबिनेटात आजचा बोर्ड बसतो. रॅमचा स्वभाव मात्र अगदी उलटा. डीडीआर-२ आणि डीडीआर-३, दोन्हींना २४० पिना. पण खाच जरा सरकवलेली, चुकूनही बसू नये म्हणून. ही अडवणूक शहाणपणाची, कारण दोन्हींचं व्होल्टेज वेगळं.

हल्लीची अडवणूक वेगळीच आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. धडधाकट मशीन त्यापायी भंगारात काढू नका. लिनक्स टाकून बघा. कॅबिनेट जुनं चालेल, कीबोर्डही चालेल. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र नवा घ्या. त्यातले कपॅसिटर वयाने फुगतात आणि जाताना नव्या बोर्डालाही घेऊन जातात.