सुटलेली बिडी पुन्हा पेटली, तर सोबत कोणाची?

बिडी-सिगारेट सोडल्यावर पुन्हा सुरू होणे ही नेहमीची गोष्ट आहे. बहुतेकांची सवय एका प्रयत्नात सुटत नाही. निकोटिन बंद झाले की चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत जास्त. एकेक तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात फोन उचलणारे माणूस हवे.

अंजनगाव सुर्जी हे पानमळ्यांचे आणि पानपिंपळीचे गाव. अशा तालुक्याच्या गावी हे माणूस कुठे शोधायचे? ओळखीतले, आधी घसरलेले आणि नंतर सुटलेले कोणी असेल तर उत्तम. असे लोक उपदेश कमी करतात. पानठेल्यावर सोबत उभे राहणारे मित्र पहिले काही आठवडे तरी या कामाचे नाहीत. नुसत्या मैत्रीवरही विसंबू नये. एकट्याने पुस्तिका वाचून प्रयत्न करण्यापेक्षा समुपदेशकाने चालवलेल्या गटात सोडणाऱ्यांचे प्रमाण जास्त आढळते.

गट जवळ नसेल तर १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय क्विटलाइन आहे. २०१६ मध्ये ती दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवरच छापतात, म्हणजे तो खिशातच असतो! तिथले समुपदेशक नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात.

त्यांच्याशी किंवा मित्राशी बोलताना घसरल्याचे लपवू नये. ती पहिली बिडी कुठे, कोणासोबत, किती वाजता पेटली हे सांगावे. पुढच्या वेळी काय टाळायचे ते त्यावरूनच ठरते.