संत जुझे वाझ आणि देशी भाषांचे ऋण

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. देवाचे मूळ स्थान नदीपलीकडील दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात तेथील देवालय पाडले गेले, तेव्हा भक्तांनी देव पैलतीरी आणला. १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. त्यामुळे पोथी, कीर्तन आणि मराठी अक्षर यांची परंपरा येथे तुटली नाही. अशा मुलखातील ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात ख्रिस्ती संताचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण भाषेशी निगडित आहे.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला, घराणे सांकवाळचे. १६७६ मध्ये त्यांनी पौरोहित्याची दीक्षा घेतली. युरोपीय धर्मसंघांत एतद्देशीयांना सहसा स्थान नसे. म्हणून कानडा प्रांतातील कार्य आटोपून परतल्यावर, १६८५ मध्ये, ते जुन्या गोव्यातील एतद्देशीय पाद्र्यांच्या छोट्या समूहात सामील झाले आणि त्यास रीतसर संघाचे रूप दिले.

याच सुमारास गोव्यात एक दुर्दैवी घटना घडली. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले होते. धर्म सांगावयाचा तर लोकांच्या वाणीत, ही दृष्टी तेव्हा जागी होती. परंतु २७ जून १६८४ रोजी विजरई कोंद द आल्व्होर यांनी फर्मान काढले की, रयतेने तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. माणसाने आईची भाषा विसरण्यास सरकारने मुदत घालून द्यावी, हा प्रकार आजही वाचताना मन विषण्ण होते.

ती मुदत सरली १६८७ मध्ये. त्याच वर्षी वाझ भिकाऱ्याच्या वेषात सिंहलद्वीपात वावरत होते. तेथील किनारपट्टीच्या डच राज्यकर्त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. वाझ तमिळ शिकले. १६९२ मध्ये कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना बंदिवान केले, तेव्हा बंदिवासातच त्यांनी सिंहली आत्मसात केली. १६९७ च्या देवीच्या साथीत, घरच्यांनीही टाकलेल्या रुग्णांची त्यांनी शुश्रूषा केली. राजाचा उरलासुरला संशय बहुधा तेथेच फिटला असावा. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

वाझ यांचा हेतू धर्मप्रसाराचाच होता, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु सत्तेचे पाठबळ नसलेल्या प्रचारकाला परक्याच्या भाषेपुढे शिष्य होऊन बसावे लागते, आणि वाझ तसे बसले. त्यांनी आपल्या एका तरुण सहकाऱ्यास मुद्दाम सिंहलीच्या अभ्यासास लावले. हे फादर जाकोम गोन्साल्विस १७०५ मध्ये तेथे पोहोचले. सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत त्यांनी विपुल लिहिले. ख्रिस्ती सिंहली वाङ्मयाचे ते जनक मानले जातात.

या गोन्साल्विसांचा जन्म १६७६ चा, दिवाडीचा. नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की थोड्याच वेळात ते बेट लागते. येशूच्या यातनांवरील त्यांची सिंहली रचना श्रीलंकेतील भाविक उपवासकाळात आजही गातात.