गावात घर कोणत्या अंगाला?

औंढा नागनाथच्या देवळाची एक कथा आमच्या हिंगोली भागात लहानथोर सगळे सांगतात. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठवून देवळामागे घालवले. त्यांनी मागेच कीर्तन मांडले, तेव्हा देऊळ फिरले आणि त्याचे दार नामदेवांकडे झाले. नंदी देवळाच्या मागे का, याचा उलगडाही लोक याच कथेने करतात.

चमत्कार बाजूला ठेवू. माणसाला हलके ठरवायचे तर आधी त्याची जागा ठरवावी लागते, एवढे ही कथा सांगून जाते. पण नामदेव शिंपी होते, गावाच्या आतले होते. ज्यांचे घरच वेशीबाहेर, त्यांच्यासाठी देऊळ फिरल्याची कथा नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरच राहिली; ते दार अस्पृश्यांसाठी १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले.

अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मुळापासून विचारला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, म्हणून बाहेर, हे उत्तर त्यांनी नाकारले. पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे आधी गावाबाहेर वसली आणि अस्पृश्यता त्यांच्यावर नंतर लादली गेली, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्यावर वाद होऊ शकतो. पण अस्पृश्यता समजून घ्यायची तर धर्मग्रंथांइतकाच गावाचा नकाशाही वाचला पाहिजे, ही दृष्टी त्यांनी आपल्याला दिली.

वंशभेदाच्या देशांत ही रेघ कायद्याने ओढली गेली. अमेरिकेतील लुईव्हिल शहराने काळ्यांची आणि गोऱ्यांची वस्ती वेगळी ठेवण्याचा नियम केला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो १९१७ साली रद्द केला. दक्षिण आफ्रिकेने १९५० साली ग्रुप एरियाज कायदा करून वंशावर मोहल्ले वाटले. तो १९९१ साली मोडीत निघाला. कायदा गेला म्हणून वस्त्या एक झाल्या नाहीत, हे खरे. पण निदान कायद्याला तारीख होती, तो रद्द करा अशी मागणी करता येत होती. आपल्या गावाची रेघ कोणत्या कायद्यात लिहिली आहे? संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. महारवाड्याची, मांगवाड्याची जागा मात्र कोणत्याच कलमाने हलली नाही.

मी वर्गात मुलांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगतो. जातीचे नाव लिहायचे नाही, एवढीच अट. तरी वाडा कोठे हे बहुतेक वेळा कळते. डांबरी रस्ता अलीकडे संपतो. मारुतीचे देऊळ आणि ग्रामपंचायत एका अंगाला, पुतळा किंवा विहार दुसऱ्या अंगाला. पुष्कळ नकाशांत मसणवटे दोन. एका मुलीने स्वतःचे घर काढलेच नव्हते. विचारले तर म्हणाली, “सर, कागद पुरला नाही.”

या रेघेची किंमत मराठवाड्याने १९७८ साली मोजली. २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. त्या जिल्ह्यालाही झळ बसली. वस्ती वेगळी असली की जाळणाऱ्याला घरे शोधावी लागत नाहीत आणि ती आग आपल्या घरापर्यंत येईल ही भीतीही राहत नाही. हा नकाशाचा सर्वांत भयंकर उपयोग. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. नावाने माणसाला मान मिळतो. नामांतरासाठी प्राण देणाऱ्यांना हे आपल्याआधी कळले होते. परंतु पाटी बदलली तरी रस्ता जेथे संपत होता तेथेच संपत असेल, तर बदलले काय?

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. नोकरी लागल्यावर तालुक्याच्या गावी खोली पाहायला गेलो. घरमालक सभ्य होते. त्यांनी जात विचारली नाही. आडनावावरून काही उमगेना, तेव्हा त्यांनी गाव विचारले आणि मग सहज म्हणाले, “सर, गावात घर कोणत्या अंगाला?” मी खरे ते सांगितले. खोली दुसऱ्याला द्यायचे ठरल्याचे मला संध्याकाळी कळले.

शहरात गेल्याने जात सुटते, असे आपण मुलांना सांगतो. ते पूर्ण खरे नाही. नकाशा माणसाबरोबर चालत येतो. म्हणून घरकुलाची जागा कोठे मंजूर होते, पाण्याची टाकी कोणत्या अंगाला उभी राहते, हे प्रश्न ग्रामसभेत विचारणे हेही सामाजिक क्रांतीचेच काम आहे. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाचे नकाशे काढावेत. आणि कागद पुरला नाही, तर दुसरा जोडावा.