वोलिनची माणसे वळिवड्यात

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती पुन्हा सांगितली. सांगताना एक तपशील मात्र हटकून गळतो. यांतली पुष्कळ माणसे ज्या गावांतून उचलली गेली, ती गावे आज पोलंडमध्ये नाहीत. काही बेलारूसमध्ये आहेत, काही लिथुएनियात आणि कितीतरी युक्रेनमध्ये.

मी जावळीतला, मेढ्याचा. आमच्या वर डोंगरात असलेल्या पाचगणीलाही त्या वर्षांत पोलिश मुलांसाठी आरोग्यकेंद्र होते. तो धागा धरून २०१९च्या सप्टेंबरात मी ल्विव गाठले. या शहराची नावेच त्याचा इतिहास सांगतात. ऑस्ट्रियनांचे लेम्बर्ग, पोलिशांचे ल्वूव, रशियनांचे ल्वोव आणि आताचे ल्विव. जुन्या चौकाच्या आसपास थोड्याथोड्या अंतरावर लॅटिन, आर्मेनियन आणि युक्रेनी चर्चे उभी आहेत. १९०४चे रेल्वे स्थानक लोखंडी कमानींचे, देखणे. पोटात भूक असेल तर या शहरात हाल होत नाहीत. बिटाचे बोर्श्च आणि बटाटा भरलेले वारेनिकी कुठेही मिळतात. वारेनिकीचा आकार करंजीचा, शिजवण्याची तऱ्हा मात्र उकळत्या पाण्यातली. सीमेपलीकडे जवळपास याच पदार्थाला पिएरोगी म्हणतात.

तेर्नोपिलला वैद्यकीय शिक्षण घेणारा आपल्याकडचा एक मुलगा दुभाष्या म्हणून बरोबर आला. लुत्स्कचा जुना किल्ला पाहून आम्ही वोलिन प्रांतातल्या एका खेड्यात गेलो. बटाटे काढणे चालू होते, शेतात बीट उभे होते. तिकडची साखर उसाची नव्हे, बिटाची. ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी भरतकाम केलेल्या कापडावर पाव आणि मीठ ठेवून दारातच स्वागत केले. जेवणात तर ताट रिकामे होऊच देईनात. हा आग्रह मला आमच्याकडच्या पंगतीतला वाटला. जेवण झाल्यावर मी त्यांना वळिवड्याची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "तिकडे त्यांना जमीन मिळाली का?"

तो प्रश्न भोळा नव्हता. १९२१च्या रीगा तहाने पश्चिम वोलिन पोलंडकडे गेला आणि पोलिश सरकारने निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवले. आपल्याच गावच्या जमिनीवर परके लोक आले, ही युक्रेनी शेतकऱ्यांची सल होती. सप्टेंबर १९३९मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. १० फेब्रुवारी १९४०च्या पहाटेपासून या वसाहतींतली कुटुंबे मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि उत्तर रशियात पाठवली गेली. एकूण किती लोक गेले यावर वाद आहे. सोव्हिएत कागदपत्रे सव्वातीन लाखांच्या आसपास सांगतात, जुने पोलिश अंदाज दहा लाखांच्या वर जातात.

जुलै १९४१च्या करारानंतर ही माणसे सुटली. १९४२मध्ये पोलिश सैन्याबरोबर त्यांतली काही इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष लढाईवर गेले. बायका, मुले, म्हातारी मागे राहिली. त्यांच्यातले हजारो कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरला रेल्वेने यायचे तर मिरज चुकत नाही, तेव्हा आपल्या मिरज स्थानकानेही त्यांना पाहिले आहे. पंचगंगेकाठी बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि कौलारू छपरे असलेल्या बराकी उभ्या राहिल्या. शाळा, चर्च, दवाखाना, नाटके असे सगळे तिथे होते.

आणि याच १९४३च्या उन्हाळ्यात तिकडे वोलिनमध्ये युक्रेनी बंडखोर सेनेने हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली. वळिवड्यात बराकी भरत होत्या, तेव्हा मागची गावे जळत होती. हद्दपारी झाली म्हणूनच यांतली काही कुटुंबे वाचली, असे म्हणावे लागते. फार कडू विधान आहे हे, पण टाळता येत नाही.

कोल्हापूरच्या राजाने आश्रय दिला, एवढेच म्हणून आपण थांबतो, ते मला अपुरे वाटते. जागा संस्थानची होती, पण व्यवस्था हिंदुस्थान सरकारची आणि सुरुवातीचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावरचा. जुलै १९४५मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. तोवर सरहद्दही पश्चिमेला सरकली होती. म्हणजे परत जायला पोलंड होता, पण त्यात आपले गाव नव्हते. पुष्कळांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाची वाट धरली.

आजींच्या प्रश्नाला मी "नाही" म्हणालो. त्या मान हलवून म्हणाल्या, "मग ते पाहुणेच राहिले." कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या जावळीच्या गावांतले लोक अजूनही भेटले की हेच विचारतात, जमीन मिळाली का, कुठे मिळाली, नावावर झाली का. बामणोलीकडचे हे बोलणे मला वोलिनमध्ये ऐकू आले.

फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध पेटले आणि आपली शेकडो मुले तेर्नोपिल, इव्हानो-फ्रांकिव्स्क, ल्विव सोडून पोलंडच्या हद्दीकडे निघाली. ऐंशी वर्षांपूर्वी याच भागांतून मालगाड्या पूर्वेला गेल्या होत्या. पोलंडने त्यांना व्हिसाशिवाय आत घेतले.

वळिवड्याच्या बराकी १९४८मध्ये रिकाम्या झाल्या, पण फार दिवस तशा राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथे उतरली आणि वस्तीचे नाव गांधीनगर पडले. पोलिश ज्या कराचीतून आले होते, ती कराची या कुटुंबांना कायमची मागे टाकावी लागली होती. आज तिथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे.