किमोनोवरचा ड्रॅगन : थोडी ओळख

मंडळी, इथल्या परीकथा वाचणाऱ्या आपल्या मुलांना ड्रॅगन म्हटले की आग ओकणारा राक्षसच आठवतो. जपानी वस्त्रांवरचा ड्रॅगन मात्र वेगळ्या कुळातला. तो पाण्याचा देव आहे. पाऊस, नद्या आणि समुद्र त्याच्या ताब्यात. आणि त्याचे एक मूळ थेट आपल्या वासुकी-तक्षकापर्यंत पोचते. एखाद्या संग्रहालयात असे वस्त्र पाहाल तेव्हा उपयोगी पडावी म्हणून ही माहिती.

नागाचा ड्रॅगन कसा झाला?

बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा ‘नाग’ या शब्दासाठी भाषांतरकारांनी चिनी ड्रॅगनचाच शब्द वापरला. सद्धर्मपुंडरीक सूत्रातले आठ नागराज असेच ‘ड्रॅगन राजे’ झाले. त्यांत वासुकी आहे, तक्षकही आहे. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानात पोचला आणि हे नागराजही तिथे गेले. तक्षकाला तिथे ‘तोकुशाका’ म्हणतात. जपानच्या समुद्रदेवतांच्या कथा त्यांत मिसळल्या आणि समुद्रतळाशी महाल असलेला ‘र्‍यूजिन’ लोकप्रिय झाला.

म्हणून कापडावर ड्रॅगनच्या भोवती बहुधा लाटा किंवा ढग असतात. त्याच्या पंजात कधी एक गोल रत्न दिसते. ते बहुधा इच्छा पुरवणारे रत्न असते, म्हणजे आपला चिंतामणी!

सम्राटाचा झगा

आठव्या शतकापासून जपानी सम्राट मोठ्या समारंभांना चिनी धर्तीचा पोशाख घालत. त्यावर ड्रॅगन, सूर्य, चंद्र अशी चिन्हे भरतकामाने काढलेली असत. १८४७ साली सम्राट कोमेई यांचा राज्यारोहण समारंभ अशाच पोशाखात झाला. १८६८ मध्ये सम्राट मेइजी यांच्या वेळी चिनी धर्तीचा हा पोशाख बंद झाला. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी सम्राट नारुहितो यांनी समारंभात जो झगा घातला, त्याच्या नक्षीत ड्रॅगन नाही. फिनिक्ससारखा पक्षी, किरिन नावाचा काल्पनिक प्राणी, बांबू आणि पाउलोनियाचे झाड आहे.

आगीत शिरणाऱ्यांचा अंगरखा

राजदरबारातून ड्रॅगन गेला, पण सामान्य माणसाच्या अंगावर तो टिकला. याचे सर्वात सुंदर उदाहरण म्हणजे एदो शहरातल्या (आजचे टोकियो) अग्निशामकांचे अंगरखे.

एदोतली घरे लाकडाची आणि दाटीवाटीची. १६५७ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला. पुढे १७२० मध्ये नागरिकांची पथके अक्षरांच्या नावाने नेमली गेली. पाणी मारून मोठी आग विझवणे तेव्हा शक्य नव्हते. त्यामुळे आग पसरू नये म्हणून जवळची घरे पाडावी लागत. हे काम करणारे लोक सुती कापडाचे थर एकत्र शिवलेला जाड अंगरखा घालत. शिवण धावदोऱ्याची, अगदी आपल्या गोधडीसारखी. अंगरखा पाण्यात भिजवायचा आणि आगीत शिरायचे.

या अंगरख्यांच्या बाहेरच्या बाजूला पथकाची खूण असे आणि आतल्या बाजूला ड्रॅगन, वाघ किंवा शूरवीराचे रंगीत चित्र. काम चालू असताना पाण्याचा देव अंगाशी राही. आग आटोक्यात आली की अंगरखा उलटा करून ते चित्र मिरवले जाई. जिवाची शाश्वती नसलेल्या माणसाने हे चित्र का निवडले असेल, हे वेगळे सांगायला नको.

आणखी कुठे दिसतो?

- अस्तरात : एदो काळात सामान्यांनी भपकेदार कपडे घालण्यावर निर्बंध होते. मग हौशी मंडळी ‘हाओरी’ या जाकिटाच्या अस्तरावर ड्रॅगन रंगवून घेत.
- त्रिकोणांच्या नक्षीत : ओळीने मांडलेले त्रिकोण म्हणजे ‘उरोको’, खवले. ही नक्षी संकटापासून रक्षण करते असे मानतात. नो नाटकात सर्परूप घेणाऱ्या स्त्रीच्या पोशाखावरही ती असते.
- बाळाच्या किमोनोवर : बाळ सुमारे महिन्याचे झाले की त्याला शिंतो देवळात नेतात. मुलग्याच्या किमोनोवर ससाणा, शिरस्त्राण किंवा ड्रॅगन असतो. धबधबा चढून जाणारा कार्प मासा ड्रॅगन होतो अशी मूळची चिनी कथा आहे. मूल चिकाटीचे आणि यशस्वी व्हावे, हा त्यामागचा आशीर्वाद.

चिनी की जपानी?

पंजाच्या नख्या मोजा. चीनमध्ये पाच नख्यांचा ड्रॅगन ही बादशहाची खूण होती. जपानी ड्रॅगनला बहुधा तीनच नख्या असतात. अपवाद सापडतात, पण सुरुवात इथून करायला हरकत नाही. मुलांना मोजायला सांगा, आणि जमल्यास वासुकीची गोष्टही तिथेच सांगून टाका!