ताम्रपटावरील दोन भाषा

जगांतील संस्कृतींच्या वैविध्याचा विषय निघाला म्हणजे आपल्या सुशिक्षित मंडळींची दृष्टि बहुधा परखंडांकडे वळते. वाचकांनीं क्षणभर आमच्याबरोबर वऱ्हाडांतील वाशीम जिल्ह्यांत यावें, अशी आमची विनंती आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इ. स. १९३९ मध्यें येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. चौथ्या शतकांतील ह्या दानपत्रांत राजाची वंशावळ संस्कृतांत, तर दानाचा व्यावहारिक मजकूर प्राकृतांत आहे. मिसर देशांतील रोझेट्टाच्या शिलालेखावर, इ. स. पूर्व १९६ मध्यें, एकच आज्ञा मिसरी व ग्रीक अशा दोन भाषांत कोरली गेली. वाशीमच्या पत्रांत मात्र दोन भाषांनीं एकच काम वांटून घेतलें आहे. पुढें ह्याच शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें बौद्ध भिक्षुसंघास अर्पण केलें.

परंतु वैविध्य आपोआप टिकत नाहीं. विंध्यशक्तीचा पिता सर्वसेन यानें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य रचिलें. प्रत्यक्ष राजाचें काव्य, तरी तें आज उपलब्ध नाहीं. पुढील ग्रंथकारांच्या उल्लेखांवरूनच आपण तें जाणतों. उलट, श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या कारंजें येथें जैन मंदिरांतील भांडारांनीं अपभ्रंश पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या. म्हणून तर दहाव्या शतकांतील पुष्पदंताचें ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैन यांस इ. स. १९३३ मध्यें प्रसिद्ध करतां आलें.

आतां ह्याच जिल्ह्यांतील पोहरादेवीकडे पाहावें. संत सेवालाल महाराजांच्या ह्या समाधिस्थानीं रामनवमीस बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. त्यांच्या गोरबोलीस स्वतःची लिपि नाहीं. ती गीतांत आणि वृद्धांच्या मुखीं नांदते. शाळेंत मराठी व कचेरींत मराठी अशा स्थितींत मुलांस घरची बोली बोलण्याचा संकोच वाटूं लागला, तर तिला कोणतें भांडार आधार देणार?

हा प्रश्न केवळ बंजारा बांधवांचा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. शेजारच्या बोलीस हंसणें अथवा ती आवडीनें ऐकणें, हें आपल्या घरांतूनच मुलें शिकतात. सोळाशें वर्षांपूर्वीं वत्सगुल्माच्या राजास आपल्या संस्कृत वंशावळीशेजारीं प्राकृत कोरण्यांत कमीपणा वाटला नाहीं. तेवढें औदार्य आपणही दाखवावें.