लॉरेट टेलर : ऐकणाऱ्यांच्या स्मृतीत उरलेली अभिनेत्री

नाटककाराची संहिता छापली जाते आणि टिकते. नटाचे काम पडदा पडताच संपते. चित्रपटाने नटाची या शापातून सुटका केली असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकन अभिनेत्री लॉरेट टेलर यांचे चरित्र या समजुतीला छेद देते.

न्यूयॉर्कमधील आयरिश वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या लॉरेटबाईंचा विवाह १९०१ मध्ये चार्ल्स टेलर या अतिनाट्य लिहिणाऱ्या नाटककाराशी झाला. संकटे, सुटका आणि अश्रू यांनी भरलेल्या त्याच्या नाटकांतून गावोगावी फिरताना त्यांच्या कलेची उमेदवारी झाली. पुढे ते लग्न मोडले. १९१२ मध्ये त्यांनी नाटककार हार्टली मॅनर्स यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी मॅनर्स यांचे ‘पेग ओ’ माय हार्ट’ न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले. तेथे त्याचे सहाशेहून अधिक प्रयोग झाले आणि लॉरेटबाईंचे नाव घरोघर पोहोचले.

त्यांचे सामर्थ्य मुख्यतः स्वरात होते. वाक्य मध्येच सोडणे, शब्दाआधी किंचित थबकणे, दुसरे पात्र बोलत असता मनापासून ऐकणे, यांमुळे संवाद पाठ केलेला न वाटता त्या क्षणी सुचलेला वाटे. १९२२ मध्ये किंग व्हिडोर यांनी ‘पेग’चा चित्रपट केला, १९२४ मध्ये आणखी दोन चित्रपट आले. तिन्ही मूकपट होते. कॅमेऱ्याने चेहरा टिपला, स्वर निसटला.

बोलपटाचे युग सुरू झाले तेव्हा लॉरेटबाई कोसळल्या होत्या. १९२८ मध्ये मॅनर्स यांचे निधन झाले आणि मद्याने त्यांना ग्रासले. निर्मात्यांचा विश्वास उडाला. १९३८ मध्ये डेव्हिड सेल्झनिक यांच्या एका चित्रपटासाठी त्यांची चाचणी घेण्यात आली. भूमिका मात्र दुसरीला मिळाली.

२६ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत टेनेसी विल्यम्स या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या लेखकाचे ‘द ग्लास मेनॅजरी’ सादर झाले. कडाक्याची थंडी, रिकाम्या खुर्च्या. नाटक बंद पडण्याच्या बेतात होते. क्लॉडिया कॅसिडी आणि ॲश्टन स्टीव्हन्स या समीक्षकांनी पुनःपुन्हा लिहून प्रेक्षकांना नाट्यगृहाकडे वळवले. मार्च १९४५ मध्ये नाटक न्यूयॉर्कला आले. गतवैभवाच्या आठवणींवर जगणारी, मुलांना जपता जपता त्यांना गुदमरवणारी आई अमांडा लॉरेटबाईंनी अशी उभी केली की, ती भूमिका पुढील पिढ्यांच्या नटांसाठी दंतकथा ठरली. प्रकृती ढासळत असतानाही त्या दीर्घकाळ काम करीत राहिल्या. ७ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. १९५० मध्ये या नाटकाचा चित्रपट झाला, तेव्हा अमांडा गर्ट्रूड लॉरेन्स यांनी साकारली.

बोलपटाचा उदय आणि लॉरेटबाईंचा मृत्यू यांत जवळजवळ दोन दशकांचे अंतर होते. त्यांचा अभिनय स्वरासह जपण्याचे साधन उपलब्ध होते. तरी एकाही बोलपटात त्यांना भूमिका मिळाली नाही. म्हणून हा विसर केवळ कलेच्या क्षणभंगुर स्वभावावर ढकलता येत नाही. आज उरले आहेत ते मूकपट, कन्या मार्गरीट कोर्टनी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले चरित्र, सहकाऱ्यांच्या आठवणी आणि १९३८ च्या त्या चाचणीची काही मिनिटे. जी चित्रफीत नकाराची नोंद होती, तीच त्यांच्या बोलत्या अभिनयाची मोलाची साक्ष ठरली आहे.